स्टॅनफर्डहून खोडदकडे

जुन्नर तालुक्यांतील खोडदच्या माळावर उभ्या असलेल्या रेडिओ-दुर्बिणीची कथा अमेरिकेंतील एका विद्यार्थ्यापासून सुरू होते. गोविंद स्वरूप १९५७ सालीं स्टॅनफर्ड विद्यापीठांत प्राध्यापक ब्रेसवेल यांचे शिष्य झाले. सूर्याच्या रेडिओलहरी टिपणाऱ्या तेथील ३२ तबकड्यांच्या वाहिन्यांची लांबी तंतोतंत जुळविणें हें महाकर्मकठीण काम. त्यासाठीं त्यांनीं सहाध्यायी यांग यांच्यासह जी युक्ति शोधिली, ती पुढें जगभर रूढ झाली. पदवीमागोमाग प्राध्यापकीही मिळाली. मग परतावयाचें कशाला? परंतु १९६१ सालीं परदेशस्थ चार भारतीय संशोधकांनीं मायदेशीं रेडिओ-खगोलशास्त्राचें केंद्र काढण्याची योजना पाठविली व होमी भाभांनीं ती उचलून धरली. चौघांपैकीं प्रथम परतले ते स्वरूप, १९६३ सालीं. खोडद परिसरांत पुढें ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या उभ्या राहिल्या. पत्र्याऐवजीं तारेची जाळी योजल्यानें वारा आरपार जातो.