गिधाडांची गणती

गिधाड म्हटलें कीं नाक मुरडावें, असा जुना शिरस्ता. गांवाबाहेर टाकलेलें ढोर पाहतां पाहतां साफ करून रोगराई आटोक्यांत ठेवणारा हा पक्षी. पण त्याचे आभार कोणीं मानले नाहींत, मग त्याची शिरगणती कोण करणार?

ती केली मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनें. १८८३ सालीं स्थापन झालेल्या या संस्थेचे संशोधक विभू प्रकाश यांनीं १९८० नंतरच्या दशकांत राजस्थानांतील भरतपूरच्या केवलादेव उद्यानांत गिधाडें व त्यांचीं घरटीं मोजून ठेवलीं होतीं. पुढील दशकांत त्यांनीं तेथेंच पुन्हां मोजणी केली, तों घरटीं ओस आणि झाडांखालीं मृत पक्षी! दोन्ही नोंदी शेजारीं ठेवतांच नाशाचें प्रमाण उघड झालें. १९९२ ते २००७ या अवधींत भारतांतील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकीं हजारांत जेमतेम एक उरलें, असें नंतरच्या मोजणींत दिसलें.

प्रथम संशय सांथीच्या रोगाचा होता. पाकिस्तानांत संशोधन करणारे लिंडसे ओक्स व त्यांचे सहकारी यांनीं २००४ सालीं खरें कारण प्रसिद्ध केलें. गुरांच्या वेदना शमविण्यासाठीं दिलें जाणारें डायक्लोफेनॅक हें औषध मृत जनावराच्या मांसांतून पोटांत गेलें, कीं गिधाडांचीं मूत्रपिंडें निकामी होत. २००६ सालीं भारत सरकारनें जनावरांसाठीं या औषधाचें उत्पादन बंद केलें.

गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडें घालते. म्हणून ही तूट भरून येण्यास फार काळ लागेल. भरतपूरची ती पहिली नोंद नसती, तर ‘पूर्वीं गिधाडें पुष्कळ असत’ एवढेंच म्हातारीं माणसें सांगत राहिलीं असतीं. आणि तेवढ्यावरून कोणतेंही सरकार औषध बंद करीत नाहीं.