नाणेघाटाच्या मुलखातील दुसरा पहारा : आर्वीचे भूकेंद्र आणि त्याचे रक्षक-परिपथ

१/ घाटघरहून नाणेघाटाच्या तोंडाशी उभे राहिले की शेजारचा जीवधन नजरेत भरतो. वाटेवर नजर ठेवायची, संकटाची वर्दी वेळेत द्यायची, हे त्याचे काम. याच जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळच्या आर्वीला, १९७१ साली दुसऱ्या जातीचा पहारा बसला. त्याचा इतिहास फारसा कोणी सांगत नाही.

२/ आर्वीचे केंद्र म्हणजे परदेशी दळणवळणासाठी उभारलेले भारताचे पहिले उपग्रह भूकेंद्र. डोंगरांच्या आडोशामुळे बाहेरचा रेडिओ-गोंगाट येथे कमी. डिसेंबर १९७१ मध्ये विक्रम साराभाई निवर्तले. केंद्राला त्यांचे नाव आहे.

३/ उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटरवर. तिथवर आवाज पोचवायचा तर शेवटच्या टप्प्यात शक्तिवर्धक हवा. अशा केंद्रांत त्या काळी क्लायस्ट्रॉन किंवा ट्रॅव्हलिंग-वेव्ह नलिका वापरीत. नलिका महागडी, परदेशी आणि हजारो व्होल्टांवर चालणारी. ती गेली की त्या वाटेवरची सगळी संभाषणे एकदम मुकी होत.

४/ याच जिल्ह्यात १९२७ मध्ये खडकीहून इंग्लंडला ‘बीम’ बिनतारी सेवा सुरू झाली होती. ग्राहक केंद्र दौंडला होते. त्या पिढीच्या प्रेषकांत फ्यूज आणि रिले होतेच, पण बरीच भिस्त माणसावर असे. मीटरचा काटा चढला, नलिकेचा रंग बदलला, की हात स्विचकडे जाई.

५/ सूक्ष्मतरंगांच्या नलिकेला हा हात पुरत नाही. आत ठिणगी पडली की काही मायक्रोसेकंदांत धातू वितळू लागतो. ५० हर्ट्‌झच्या विजेच्या एका आवर्तनालाच २० मिलिसेकंद लागतात. मुख्य स्विच तुटेपर्यंत नलिका संपलेली असते. शिवाय धारित्रांत साठलेली ऊर्जा स्विच तोडूनही उरतेच.

६/ म्हणून ‘क्रोबार’. शब्दशः पहार! दोष दिसताच हा परिपथ उच्चदाबाच्या पुरवठ्याला मुद्दाम शॉर्ट करतो आणि साठलेली ऊर्जा नलिकेऐवजी स्वतःवर घेतो. त्याची चाचणी मला फार आवडते : नलिकेच्या जागी एक बारीक तार जोडून शॉर्ट घडवायचा. तार शाबूत राहिली तर रक्षक विश्वासू.

७/ बाकीचे पहारेकरी संथ, पण तितकेच कडक. तंतू तापेपर्यंत काही मिनिटे उच्चदाब मिळतच नाही. थंड हवा वा पाणी थांबले की दाब उतरतो. अँटेनाकडे निघालेली शक्ती उलटी परतू लागली तरी तेच. तरंगनलिकेत कोरडी हवा दाबाने भरलेली असते, कारण आत ओल शिरली की ठिणगी आलीच. दाब घटल्याची सूचना त्यासाठी. जुन्नरच्या पावसाळ्यात हिचे मोल वेगळे सांगायला नको.

८/ खरी परीक्षा मात्र दिव्यांच्या फळ्यावर होई. पंखा बंद पडतो, त्यामुळे उच्चदाब उतरतो, त्यामुळे प्रक्षेपण थांबते. तिन्ही दिवे एकदम पेटतात आणि माणूस सर्वांत मोठ्या दिव्यामागे धावतो. यावर उपाय म्हणजे पहिला दोष ‘धरून’ ठेवणे : जो आधी आला तो वेगळा दिसेल आणि माणसाने पाहिल्याशिवाय पुसला जाणार नाही.

९/ सगळे दोष सारखे नसतात. वीज क्षणभर गेली तर यंत्राने आपोआप पुन्हा उठावे. ठिणगी पडली तर मोजक्या वेळाच प्रयत्न करावा, मग कुलूप. पुनःपुन्हा बटण दाबणारा अधीर हात हा नलिकेचा जुना वैरी. दरम्यान राखीव वर्धक कृत्रिम भारावर तापून तयार असे. वाट बदलताना क्षणभर शक्ती बंद ठेवावी लागे, नाहीतर स्विचमध्येच ठिणगी.

१०/ पुढे अर्धसंवाहक वर्धक आले. त्यांत अनेक ट्रान्झिस्टर समांतर राबतात. एखादा गेला तर आवाज बंद पडत नाही, शक्ती थोडी घटते. त्यामुळे चालू आणि बंद यांच्या मध्ये पिवळ्या दिव्याला जागा मिळाली : काम चालू आहे, पण दुरुस्तीला या.