सावत्र मूल : भावविश्व

आई किंवा वडिलांनी पुन्हा लग्न केल्यावर त्यांचे आधीचे अपत्य नव्या जोडीदाराचे सावत्र मूल ठरते. ‘सापत्न’ हा शब्द ‘सपत्नी’पासून, म्हणजे सवतीपासून आला. ‘सापत्नभाव’ म्हटले की मराठी माणसाला पक्षपातच आठवतो. नाते जुळण्याआधीच मुलाच्या कानी ही बदनामी पडलेली असते.

पुनर्विवाहाच्या आनंदात मुलाचे दुःख सहज नजरेआड होते. आईवडील पुन्हा एकत्र येतील ही आशा मावळते. घटस्फोटानंतर आईचा एकमेव सोबती झालेल्या मुलाला ती जागाही सोडावी लागते. सर्वांत अवघड असतो निष्ठेचा पेच. सावत्र आई आवडू लागली की सख्ख्या आईशी बेइमानी केल्यासारखे वाटते. म्हणून रविवारी सावत्र आईबरोबर हसलेले मूल सोमवारी तिच्याशी तुसडेपणाने वागते. त्या वागण्याला उर्मटपणा म्हणणे अन्यायाचे आहे. इव्हान बोझोरमेनी-नाज व जेराल्डिन स्पार्क यांनी १९७३ साली ‘इन्व्हिजिबल लॉयल्टीज’ या ग्रंथात कुटुंबातील अशा न दिसणाऱ्या निष्ठांची मांडणी केली.

लहान मुले हे शब्दांत सांगत नाहीत. पोट दुखते, सुटलेली अंथरूण ओले करण्याची सवय परतते. किशोरवयीन मुले खोलीचे दार लावून घेतात, घराबाहेर रमतात. काही जण सावत्र आईला वा वडिलांना हाकच मारत नाहीत, समोर येऊन थेट बोलू लागतात. समाजशास्त्रज्ञ अँड्र्यू चर्लिन यांनी १९७८ मध्ये पुनर्विवाहाला ‘अपूर्ण संस्था’ म्हटले, त्यामागे संबोधनांची ही उणीवही होती. आपल्याकडे ‘काका’, ‘मावशी’ ही पोकळी भरून काढतात. ‘आई’ म्हणण्याची सक्ती करू नये.

भागवतातील पाच वर्षांचा ध्रुव वडिलांच्या मांडीवर बसू पाहतो, तेव्हा सावत्र आई सुरुची त्याला टोचून बोलते. कथेत दोष तिच्या माथी बसला. वडील उत्तानपाद मात्र तेथेच गप्प होता. ध्रुव रडत सख्ख्या आईकडे, सुनीतीकडे गेला. आजच्या घरांतही मुलाला आधी हवा असतो तो सख्ख्या आईचा वा बापाचा एकट्याचा वेळ. शिस्तीचा भारही सुरुवातीला त्यांनीच वाहावा, असे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॅट्रिशिया पापर्नो सांगतात. त्यांच्या अभ्यासात वेगाने सावरलेल्या कुटुंबांनाही स्थिरावायला सुमारे चार वर्षे लागली, इतरांना सात किंवा अधिक.