शरणागत ससा आणि शेणाचे घर

सुरत म्हटले की मराठी वाचकाच्या मनात १६६४ आणि १६७० ही दोन साले उभी राहतात. शिवछत्रपतींच्या स्वाऱ्या, पेढ्यांची धावपळ, इंग्रजांची वखार, एवढ्यावरच आपली सुरतेची ओळख बहुधा संपते. ती ओळख खोटी नव्हे. परंतु अपुरी आहे खास. तापी ओलांडून रांदेरच्या पुढे हजिऱ्याच्या वाटेला लागले की इच्छापोर हे गाव लागते. आज त्या बाजूस कारखान्यांची आणि हिऱ्यांच्या व्यापाराची वसाहत झाली आहे. प्राचीन काळी हा सारा मुलूख लाटदेश या नावाने ओळखला जाई. याच लाटदेशातून उत्तरेकडे भडोचला, म्हणजे जुन्या भृगुकच्छास, वाट जाते; आणि मराठी गद्यातील पशुपक्ष्यांच्या ज्या पहिल्या कथा आपणांस ठाऊक आहेत, त्यांचा धागा याच वाटेशी जुळतो. तो कसा, हे या लेखात पाहावे असा आमचा हेतू आहे.

प्रथम सुरतेच्याच एका संस्थेविषयी चार शब्द लिहिणे अवश्य आहे. १६८९ साली ओव्हिंग्टन नावाचा इंग्रज पाद्री सुरतेस उतरला. त्याचा प्रवासग्रंथ १६९६ साली लंडनमध्ये छापला गेला. त्यात त्याने येथील वाण्यांनी चालविलेल्या जनावरांच्या इस्पितळाचे मोठ्या आश्चर्याने वर्णन केले आहे. गाई, घोडे, बकऱ्या, कुत्री, जी म्हणून लंगडी, आजारी किंवा म्हातारी झाली त्यांना तेथे आमरण आसरा मिळे. इतकेच नव्हे, तर ढेकूण-पिसवांसाठीही निराळी जागा होती आणि त्यांची भूक भागावी म्हणून एखाद्या गरिबाला पैसे देऊन रात्रभर तेथे निजविण्यात येई, असे तो सांगतो. पुढे १७७२ सालच्या वर्णनात याच पांजरपोळातील एका वृद्ध कासवाचा उल्लेख येतो. ते तेथे पंचाहत्तर वर्षे असल्याचे प्रसिद्ध होते. हिशेब केला तर ओव्हिंग्टनच्या ग्रंथाला छापून एखादेच वर्ष लोटले असेल, तेव्हा हे कासव तेथे आले म्हणावयाचे! परदेशी प्रवाशांना या साऱ्याचे हसू आले. ढेकणांसाठी माणूस निजविण्याचे समर्थन आम्हीही करणार नाही. त्या गरिबाची दया कोणी करावयाची, हा प्रश्न उरतोच. पण जो प्राणी आता कोणाच्याही उपयोगाचा नाही, त्याचेही आपल्यावर काही देणे आहे, ही जी या संस्थेच्या मुळाशी असलेली भावना, तिच्याकडे वाचकांनी लक्ष द्यावे. कारण तीच आमच्या विषयाची किल्ली आहे.

आपल्या वाङ्मयात पशूंना पात्र करण्याच्या दोन रीती फार जुन्या आहेत. पहिली पंचतंत्राची. तिच्यात सिंह हा राजा, कोल्हा हा अमात्य, बगळा हा ढोंगी साधू. कातडे पशूचे आणि व्यवहार मात्र सर्वस्वी माणसाचा. या ग्रंथाचा प्रवास जगजाहीर आहे. सहाव्या शतकात तो इराणात पेहलवी भाषेत गेला, आठव्या शतकात अरबीत ‘कलीला व दिम्ना’ झाला आणि तेथून युरोपभर पसरला. इकडे ११९९ साली पूर्णभद्र या जैन मुनीने संस्कृतात त्याची नवी मांडणी केली. पश्चिम हिंदुस्थानातील जैन ग्रंथकारांनी या कथांना जे ‘पंचाख्यान’ हे नाव दिले, तेच मराठीत ‘पंचोपाख्यान’ या रूपाने आले. निर्मळ पाठकाने तर ते ओवीबद्ध केले. भासुरक नावाच्या सिंहाला विहिरीत उडी घ्यावयास लावणारा ससा आपणांस बालपणापासून परिचित आहे. तो चतुर आहे आणि त्याचे चातुर्य हेच त्याचे शस्त्र. बुद्धी असेल तर दुबळाही तरेल, हे तो शिकवितो. मात्र ज्या सशाला अशी बुद्धी नसेल, त्याचे काय व्हावे, याचे उत्तर या कथेत नाही.

ते उत्तर दुसऱ्या रीतीत सापडते. पूर्णभद्रानंतर शंभर वर्षांच्या आतच मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ सिद्ध झाला. श्रीचक्रधरांच्या प्रयाणानंतर त्यांच्या शिष्यपरिवारातील ज्याने जे पाहिले-ऐकले ते विचारून विचारून म्हाइंभटांनी सुमारे १२७८ साली लीळाचरित्र जुळविले. महानुभावांच्या परंपरेप्रमाणे श्रीचक्रधर हे पूर्वाश्रमीचे हरिपाळदेव, भडोचच्या राजाच्या विशाळदेव नामक प्रधानाचे पुत्र. रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून ते घराबाहेर पडले, रिद्धपुरास गोविंदप्रभूंची भेट झाली आणि लाटदेशचा हा प्रधानपुत्र पुढे मराठी मुलखात मराठीतच बोलत हिंडला. मातृभाषा सोडून दुसऱ्याची भाषा इतकी आपलीशी करणारे पुरुष कोणत्याही देशात थोडेच निघतात.

या ग्रंथात एक ससा आहे. पारधी कुत्री घेऊन त्याच्या पाठीस लागले आहेत. पळता पळता तो वृक्षाखाली बसलेल्या स्वामींच्या मांडीखाली येऊन दडतो. पारधी येतात आणि ससा मागतात. त्यांचा युक्तिवाद अगदी व्यवहारी आहे: हा होडेचा ससा आहे, यावर पैज लागलेली आहे, तो आम्हांस मिळालाच पाहिजे. स्वामी रागावत नाहीत की शापही देत नाहीत. हा येथे शरण आलेला आहे, इतकेच ते म्हणतात. आणि मग त्या माणसांना विचारतात की रानात राहून गवत खाणाऱ्या आणि पाणी पिणाऱ्या जीवाने तुमचे काय केले? शेवटी पारधी वरमतात आणि पुन्हा असे न करण्याचे वचन देतात. ते गेल्यावर स्वामी मांडी उचलतात आणि एखाद्या महात्म्याला शोभेल अशा आदराच्या संबोधनाने त्या सशाला निरोप देतात.

या कथेत ससा एक शब्दही बोलत नाही. वाचकांनी हे नीट ध्यानात घ्यावे. पंचतंत्रात तो बोलतो, युक्ती लढवितो, सिंहाला फसवितो. येथे तो केवळ ससा आहे, भ्यालेला आणि धापा टाकणारा. तो कशाचे प्रतीक नाही, कोण्या भित्र्या माणसाचे सोंग नाही. बदलावयाचे आहे ते माणसाला, आणि बदलतोही माणूसच. बोलणारे पशू रचणे कवीला फारसे अवघड नसते. मुक्या पशूला मुकाच ठेवून कथेच्या मध्यभागी बसविणे हे, आमच्या मते, अधिक मोठ्या सामर्थ्याचे काम आहे.

याचा अर्थ श्रीचक्रधरांना पशूचा प्रतीक म्हणून उपयोग करता येत नव्हता असा नव्हे. त्यांच्या मुखातील दृष्टांत केसोबासांनी ‘दृष्टांतपाठा’त निवडून ठेवले. त्यांची संख्या ११४. त्यांतील हत्तीचा दृष्टांत सर्वांत प्रसिद्ध आहे. गावात हत्ती आला, जन्मांध पाहावयास गेले. पायाला हात लागला त्याने खांब म्हटले, सोंडेला लागला त्याने मुसळ, कानाला लागला त्याने सूप, शेपटीला लागला त्याने खराटा. ही कथा त्यांची स्वतःची नव्हे. बौद्धांच्या ‘उदान’ या पाली ग्रंथात ती शेकडो वर्षे आधी आहे आणि जैनांनीही ती वापरली आहे. परंतु सूप, मुसळ, खराटा ही मराठी घरातील ओसरीवरची वस्तुजात हत्तीला जोडून देताच तो हत्ती आमच्या गावचा झाला. शास्त्रार्थ मोठा, पण माप कुणब्याच्या घरचे, ही या दृष्टांतांची हातोटी.

आणि याच लीळाचरित्रात एका लेकरासाठी सांगितलेली एक इवलीशी गोष्ट आहे, जी वाचताना मराठी माणसाला आपल्या आजीचा आवाज आल्यावाचून राहणार नाही. कावळ्याचे घर शेणाचे, दुसऱ्या पाखराचे घर मेणाचे. पाऊस आला, कावळ्याचे घर वाहून गेले आणि तो दार ठोठावीत आला. काऊ-चिऊची कथा! सातशे वर्षांपूर्वी ती लिहिली गेली, म्हणजे बोलली जात असेल त्याहून कितीतरी पूर्वीपासून. त्या जुन्या पाठात मात्र चिऊ नाही. तेथे ‘साळै’ आहे, म्हणजे साळुंकी. साळुंकीची चिमणी केव्हा झाली, हे कोणत्याही पोथीत नोंदलेले नाही. ते घडले माजघरात.

येथे इतिहासाचा एक विलक्षण खेळ दिसतो. महानुभावांनी चौदाव्या शतकापासून आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत लिहावयास आरंभ केला. परिणाम असा की शरणागत सशाची कथा पंथाबाहेरच्या मराठी वाचकाला सुमारे सहाशे वर्षे वाचावयास मिळालीच नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे यांनी त्या लिपीची उकल केली, वि. ल. भावे यांनी महानुभावांचे वाङ्मय लोकांपुढे मांडले आणि पुढे ह. ना. नेने यांनी लीळाचरित्राचे भाग छापले, तेव्हा कोठे तो ससा उजेडात आला. त्याच ग्रंथातील कावळ्याला मात्र कोणत्याही लिपीची अडचण पडली नाही. ग्रंथ कुलुपात राहिला आणि कावळा उडून घरोघर गेला, किंबहुना तो आधीपासूनच घरोघर होता.

पोथी बंद असली तरी तिच्यातील भाव लोकांत नव्हता असे नाही. वारकरी संतांच्या चरित्रांत तो पुन्हा पुन्हा भेटतो. भाकरी घेऊन पळणाऱ्या कुत्र्याच्या मागे, कोरडी कशी खाशील म्हणून तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव. रामेश्वराला वाहावयाचे गंगोदक वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखात घालणारे एकनाथ. आणि पैठणास वेद वदलेला रेडा, ज्याची समाधी जुन्नर तालुक्यातील आळे येथे लोक अद्याप दाखवितात आणि पूजितात. महिपतींनी १७६२ साली ‘भक्तिविजय’ पुरा केला आणि अशा कथा कीर्तनकारांच्या तोंडी कायमच्या बसल्या. गोव्याच्या देवळांच्या सभामंडपांत कीर्तन ऐकत वाढलेल्या आमच्या वाचकांना त्या नव्याने सांगण्याचे कारण नाही. एवढेच म्हणतो की या तिन्ही कथांत पशू ही माणसाची परीक्षा आहे. रेड्याची गोष्ट जरा निराळी. तेथे चमत्काराने पशूला वाणी दिली. आम्हांस स्वतःला नामदेवांचा कुत्रा अधिक जवळचा वाटतो, कारण तो शेवटपर्यंत कुत्राच राहतो.

कोकणीकडे वळावे तर तेथील जुने लेखी वाङ्मय फार थोडे हाती लागते, आणि त्याचे कारण सर्वांस ठाऊक आहे. सोळाव्या शतकात जेझुइटांनी रोमन लिपीत उतरवून घेतलेल्या रामायण-महाभारताच्या कोकणी गद्यकथा पोर्तुगालातील ब्रागा येथे सुरक्षित राहिल्या. ज्या भूमीत देवळे पाडली जात होती, त्याच भूमीतील वानरवीरांची कथा परक्यांच्या दप्तरात जगली, हाही दैवाचा एक विनोदच. बाकी सारे तोंडी. सत्तरीच्या रानातील गावांत वाघ हा देव म्हणून पुजला जातो. जो गुरे नेतो त्यालाच गुरे राखण्याची विनवणी करावयाची, यात भय आहे हे उघड. पण त्या भयात शेजारधर्मही आहे. आणि श्राद्धाच्या दिवशी ज्याच्यासाठी पान वाढून सारे घर ताटकळत उभे राहते, तो कावळो! पितरांचा दूत म्हणून त्याला मान, आणि गोष्टीत त्याचे घर शेणाचे. एकाच पाखराला आपण इतक्या टोकाच्या दोन जागा दिल्या, याचे आम्हांस नेहमी नवल वाटते.

छापखाना आल्यावर पशुकथेने पुन्हा पंचतंत्राची वाट धरली. १८०६ साली तंजावरास सरफोजी राजांच्या मुद्रणालयात ‘बालबोधमुक्तावली’ हे इसापाच्या कथांचे मराठी भाषांतर छापले गेले; १८२८ साली सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘इसपनीतिकथा’ निघाली. छत्र्यांनी मराठी मुलांवर मोठे उपकार केले यात शंका नाही. तथापि प्रत्येक कथेच्या पायाशी तात्पर्य बांधण्याची जी सवय त्या पुस्तकांनी शाळेला लावली, ती काही जाईना. लोण्याच्या गोळ्यावर वजन ठेवावे तशी ती तात्पर्ये गोष्टीवर बसतात. काऊ-चिऊला तात्पर्य नाही. थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते, थांब, त्याला तीट लावते, असे म्हणत चिमणी दार उघडीत नाही, आणि बाहेर कावळा भिजत असतो. चिमणी चांगली की वाईट, हे आजी सांगत नाही. एका घरी शेवटी दार उघडते, दुसऱ्या घरी चुलीपाशी बसावयास सांगितलेला कावळा भाजतो. सशाला विनातक्रार मांडीखाली जागा मिळाली त्याच ग्रंथात, आसरा मागणाऱ्याला दाराबाहेर तिष्ठत ठेवणारी ही कथाही असावी, याचा विचार ज्याने त्याने करावा.

आज सुरतेत आणि तिच्या भोवतालच्या वस्त्यांत खानदेशातून पोटासाठी आलेली हजारो मराठी कुटुंबे आहेत. गुजराती घरातले मूल तेथे चको आणि चकी यांची गोष्ट ऐकते: चकीने तांदळाचा दाणा आणला, चक्याने मुगाचा, दोघांनी खिचडी रांधली, चकी पाण्याला गेली तो चक्याने सारी खिचडी खाऊन डोळ्यांना पट्टी बांधली आणि दुखण्याचे सोंग घेऊन पडला. गिजुभाई बधेका यांनी विसाव्या शतकात गुजराती लोककथा मुलांसाठी पुस्तकांत आणल्या. मराठी मुलासाठी कावळा अजूनही बहुधा तोंडीच येतो. दोन्ही घरांतली मुले एकाच गल्लीत खेळतात. त्यांतले एखादे खानदेशी मूल सायंकाळी घरी येऊन आजीला चकीच्या खिचडीत कावळ्याला वाटा का मिळाला नाही म्हणून विचारीत असेल, तर साळुंकीची चिमणी झाली त्याच रीतीने पुढची कथा तयार होऊ लागली आहे असे समजावयास हरकत नाही.