बेल्लमपल्ली मतदारसंघ आणि जपानमधील निवडणूक सुधारणा

काझीपेठ-बल्लारशा लोहमार्गावरील बेल्लमपल्ली हे सिंगरेणी कोळसा खाणींचे गाव होय. पूर्वी आदिलाबाद व २०१६ पासून मंचेरियाल जिल्ह्यात असलेल्या या गावाच्या नावे विधानसभा मतदारसंघ झाला तो २००८ च्या पुनर्रचनेत. त्याआधी ते आसिफाबाद मतदारसंघात मोडत असे. मतदारसंघाची रचना प्रतिनिधित्व कसे घडविते, हे पाहण्यासाठी जपानचे उदाहरण उपयुक्त ठरते.

१९९३ पर्यंत जपानी प्रतिनिधिगृहाच्या बहुतेक मतदारसंघांतून तीन ते पाच सदस्य निवडले जात. मतदाराला मत मात्र एकच असे. बहुमतासाठी लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाला एकाच मतदारसंघात अनेक उमेदवार उभे करावे लागत. जाहीरनामा सर्वांचा सारखाच. साहजिकच हे उमेदवार धोरणावर नव्हे, तर रस्ते, पूल, अनुदाने आणि वैयक्तिक समर्थक मंडळांच्या बळावर आपसांत झुंजत. पक्षातील गटबाजीचे व पैशाच्या प्रभावाचे एक मूळ अभ्यासक येथे शोधतात. १९९४ च्या सुधारणेने ३०० एकसदस्यीय आणि २०० प्रमाणशीर जागा ठरविल्या व १९९६ मध्ये त्यानुसार पहिली निवडणूक झाली.

बहुसदस्यीय पद्धत भारतानेही सोडली, परंतु निराळ्या कारणाने. १९५२ मध्ये हैदराबाद राज्यात १४२ मतदारसंघांतून १७५ आमदार निवडले गेले, कारण काही मतदारसंघ द्विसदस्यीय होते. तेथे एक जागा राखीव असे आणि मतदाराला दोन मते असत. १९५७ मध्ये पार्वतीपुरम लोकसभा मतदारसंघात दोन्ही जागा अनुसूचित जमातीच्या उमेदवारांना मिळाल्या व पुढे राष्ट्रपती झालेले व्ही. व्ही. गिरी ५६५ मतांनी पराभूत झाले. १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल वैध ठरविला. १९६१ मध्ये कायद्याने द्विसदस्यीय मतदारसंघच रद्द झाले.

तेव्हापासून राखीव जागा म्हणजे संपूर्ण मतदारसंघच राखीव. आसिफाबादेतून भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे गुंडा मल्लेश १९८३, १९८५ व १९९४ मध्ये निवडून आले, तेव्हा ती जागा अनुसूचित जातींसाठी राखीव होती. खाणपट्ट्यातील दलित कार्यकर्त्याला त्यामुळे विधानसभेचे दार उघडले, हे खरे. परंतु कुमरम भीम यांच्या लढ्याच्या या प्रदेशात गोंड किंवा कोलाम उमेदवाराला त्या निवडणुकांत आसिफाबादेतून उभेच राहता येत नव्हते. एका वंचित समूहाचा हक्क दुसऱ्याच्या वाट्यातून गेला, आणि तोही कोणाच्या दुष्ट हेतूविना!

२००८ मध्ये हा पेच सुटला तो केवळ सीमारेषा बदलल्याने. आसिफाबाद अनुसूचित जमातींसाठी, तर बेल्लमपल्ली अनुसूचित जातींसाठी राखीव झाले. २००९ मध्ये बेल्लमपल्लीतून गुंडा मल्लेश, तर आसिफाबादेतून काँग्रेसचे आत्राम सक्कू विधानसभेत गेले.