साष्टी बेटाची एक दिवसाची सफर : चालकासह गाडी ठरविताना

ठाणे शहर एका बेटावर वसलेले आहे, ही गोष्ट शालेय भूगोलाच्या पुस्तकाबाहेर फारशी कोणाच्या लक्षात राहत नाही. उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची खाडी, पश्चिमेला अरबी समुद्र आणि दक्षिणेला माहीमची खाडी अशा पाण्याने वेढलेले हे साष्टी बेट. 'षट्षष्टी' म्हणजे सहासष्ट गावांवरून हे नाव पडले, असे परंपरेने सांगितले जाते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्यापर्यंत आली. पुढच्याच वर्षी लोहमार्ग खाडी ओलांडून कल्याणला पोहोचला. तेव्हापासून कल्याण-डोंबिवलीचा नोकरदार रोज बेटावर जातो आणि रात्री बेटावरून परततो. मात्र बेटाच्या पोटातील लेणी, किल्ले, तलाव आणि जंगल लोकलच्या खिडकीतून दिसत नाही.

ही ठिकाणे एका दिवसात पाहायची तर चालकासह भाड्याची गाडी हा सोयीचा मार्ग ठरतो. स्थळे विखुरलेली आहेत, लोकलची स्थानके त्यांच्यापासून दूर आहेत, आणि घरच्याच माणसाने गाडी चालविली तर त्याचा दिवस वाहतूककोंडीत व पार्किंगच्या शोधात जातो. शिवाय 'हवे तिथे थांबू, कंटाळा आला तर परतू' ही मोकळीक ठरावीक बससहलीत मिळत नाही. मात्र या मोकळिकीचा अर्थ प्रवासी आणि गाडीवाला वेगवेगळा लावतात, आणि दिवसाअखेरीचा वाद बहुधा तेथूनच सुरू होतो. 'दिवसभराची गाडी' या शब्दांतून प्रवाशाला सकाळपासून रात्रीपर्यंतचा वेळ अभिप्रेत असतो. गाडीवाल्याच्या हिशेबात तो ठरावीक तासांचा आणि किलोमीटरचा करार असतो. म्हणून मोकळीक किती आणि कोणत्या बाबतीत, हे आधी ठरवून घेणे हेच या व्यवहाराचे मर्म आहे.

काय पाहता येईल?

ठाण्यातच सुरुवात होते. मासुंदा तलाव, त्याच्या काठचे कोपीनेश्वर मंदिर आणि जवळचे पोर्तुगीजकालीन सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च ही स्थळे सकाळच्या तासाभरात पाहून होतात. ज्या किल्ल्यातून १८१६ मध्ये त्र्यंबकजी डेंगळे निसटले, तो ठाण्याचा किल्ला आज मध्यवर्ती कारागृह आहे. तो बाहेरूनच पाहावा लागतो. पुढे घोडबंदर रस्त्याने गायमुख ओलांडून घोडबंदरचा किल्ला लागतो. खाडीवर नजर ठेवणारा हा पोर्तुगीज किल्ला १७३७ मध्ये साष्टीच्या मोहिमेत मराठ्यांकडे आला.

तेथून दक्षिणेला वळल्यावर बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि त्यातील कान्हेरीची बौद्ध लेणी. शंभराहून अधिक लेण्यांचा हा समूह सुमारे हजार वर्षांच्या काळात खोदला गेला. तेथील मोठा चैत्य, शिलालेख आणि कातळात खोदलेली पाण्याची टाकी पाहायला किमान अडीच-तीन तास हवेत. बोरिवलीतच मंडपेश्वरची शैव लेणी आहेत. त्यांच्यावर पोर्तुगीजांनी बांधलेल्या चर्चचे अवशेष अजून उभे आहेत.

येथून दोन वाटा फुटतात. उत्तरेची वाट भाईंदरमार्गे उत्तन, चौक आणि गोराईकडे जाते. पूर्वी हे वेगळे धारावी बेट होते (मुंबईतील धारावीशी त्याचा संबंध नाही). १७३९ च्या वसई मोहिमेत येथे मोठी झुंज झाली. २००९ मध्ये खुला झालेला गोराईचा विपश्यना पॅगोडाही याच बाजूला आहे. दक्षिणेची वाट जोगेश्वरीच्या शैव लेण्यांवरून आणि १८९१ मध्ये बांधलेल्या पवई तलावाच्या काठाने मुलुंडमार्गे ठाण्यात परतते. दोन्ही वाटा एका दिवसात साधण्याचा आग्रह धरू नये.

अंतराचा हिशेब

डोंबिवलीहून निघून कान्हेरीपर्यंत जावे आणि दक्षिणेच्या वाटेने परतावे, तर सुमारे १३० किलोमीटर होतात. उत्तनची वाट धरली तर दीडशेच्या आसपास. ठाण्यातून निघणाऱ्यांनी त्यातून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर वजा करावेत. हे आकडे ध्यानात ठेवण्याचे कारण असे, की स्थानिक भाड्याचा सर्वांत प्रचलित करार 'आठ तास, ऐंशी किलोमीटर' असा असतो. तो या सफरीला डोंबिवलीकरांसाठी निश्चितच अपुरा आणि ठाणेकरांसाठीही तोकडा आहे. जादा किलोमीटरचा दर उदाहरणादाखल १५ रुपये धरला, तर ६० जादा किलोमीटरचे ९०० रुपये होतात. जादा तासांची आकारणी त्याहून वेगळी. त्यापेक्षा 'बारा तास, एकशेवीस किलोमीटर' या करारासाठी आधीच दर विचारणे किफायतशीर ठरते.

दुसरा कळीचा शब्द 'गॅरेज ते गॅरेज'. या अटीनुसार मीटर आणि घड्याळ प्रवाशाच्या दारात नव्हे, तर गाडी आपल्या मुक्कामाहून निघते तेथे सुरू होते आणि ती तेथे परतल्यावर थांबते. ठाण्यातील गाडी डोंबिवलीला बोलावली, तर प्रवासी बसण्यापूर्वीच वीसएक किलोमीटर आणि तासभर खर्ची पडलेला असतो. डोंबिवलीकरांनी डोंबिवलीची आणि कल्याणकरांनी कल्याणचीच गाडी शोधावी, हे त्यामुळेच हिताचे. एम एच-०५ हा कल्याण परिवहन कार्यालयाचा आणि एम एच-०४ हा ठाण्याचा नोंदणी संकेत. गाडी कोठली असावी याचा प्राथमिक अंदाज त्यावरून येतो.

दरात पार्किंग, चालकाचा भत्ता, रात्रीचा आकार आणि वस्तू व सेवा कर धरला आहे की नाही, हेही विचारून घ्यावे. मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना ऑक्टोबर २०२४ पासून पथकर माफ आहे. या मार्गावरील दहिसर आणि मुलुंड हे नाके त्यांतच मोडतात, त्यामुळे तेथील टोलची रक्कम बिलात दिसली तर खुलासा मागावा.

ठरलेले आणि मोकळे

लवचीक कार्यक्रम म्हणजे कार्यक्रमच नसणे नव्हे. ज्या गोष्टी आपल्या हातात नाहीत त्या आधी पक्क्या कराव्यात, म्हणजे उरलेला दिवस मोकळा ठेवता येतो. राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद असते; तो दिवस टाळावा. उद्यानाचे प्रवेशशुल्क आणि कान्हेरीचे पुरातत्त्व खात्याचे तिकीट वेगवेगळे असते. भाड्याची गाडी लेण्यांच्या पायथ्यापर्यंत नेता येईल की उद्यानाच्या बसने जावे लागेल, हे आदल्या दिवशी विचारून घ्यावे. बसने जायचे असेल तर तेवढा वेळ गाडी प्रवेशद्वाराशी उभी राहील आणि प्रतीक्षेचे तासही करारात मोजले जातील.

घोडबंदर रस्ता ही दुसरी न बदलणारी बाब. गुजरातकडची अवजड वाहने, मेट्रोची कामे आणि गायमुखचा चढ यांमुळे तेथे कोंडी कधी होईल याचा नेम नसतो. हा टप्पा सकाळी लवकर उरकावा. सातला घर सोडले, तर नऊच्या सुमारास घोडबंदर आणि दहापर्यंत कान्हेरी गाठता येते. डोंबिवली पश्चिमेच्या रहिवाशांना मोठागाव-माणकोली पुलामुळे महामार्गावर लवकर पोहोचता येते. पूर्वेकडून शिळफाटा-मुंब्रा बायपास की कोनगाव-रांजणोलीचा रस्ता, हे त्या सकाळची वाहतूक पाहून चालकावर सोपविणे चांगले.

मोकळा निर्णय एकच ठेवावा, आणि तो दुपारच्या जेवणाच्या वेळी घ्यावा. कान्हेरीच्या पायऱ्यांनी घरातील वडीलधारी थकली असतील, तर दक्षिणेची वाट धरून पवईवरून संध्याकाळी घरी परतावे. उत्साह शिल्लक असेल, तर उत्तनच्या किनाऱ्यावर सूर्यास्त गाठावा. गोराई आणि बोरिवली यांच्यामधील खाडी होडीने काही मिनिटांत ओलांडता येते, पण गाडीला भाईंदरवरून मोठा वळसा घालावा लागतो. म्हणून उत्तनकडे जायचे असेल तर परतीचा रस्ता तोच आहे, हे गृहीत धरून निघावे. पावसाळ्यात जोराचा पाऊस आणि भरती एकाच वेळी येणार असेल, तर किनाऱ्याची वाट सोडून द्यावी.

पाटीचा रंग

स्वस्त पडते म्हणून ओळखीतल्या कोणाची पांढऱ्या नंबर प्लेटची खासगी गाडी भाड्याने घेण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार परवान्याविना प्रवासी भाड्याने नेता येत नाहीत. भाड्याच्या गाडीला पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे असतात. विजेवर चालणाऱ्या भाड्याच्या गाडीला हिरव्या पाटीवर पिवळी. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असतील, तर ती गाडी भाडेकरूने स्वतः चालविण्यासाठी असते.

प्रश्न केवळ दंडाचा नाही. खासगी विम्याची गाडी भाड्याने वापरली, तर विम्याच्या अटींचा भंग होतो. अपघातानंतर विमा कंपनी गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारू शकते, आणि जखमी प्रवाशांच्या भरपाईचा प्रश्न न्यायाधिकरणात अडकू शकतो. वाचलेल्या चार-पाचशे रुपयांच्या तुलनेत ही जोखीम फार मोठी आहे. गाडीचा क्रमांक शासनाच्या एम-परिवहन ॲपवर टाकला, की तिचा प्रकार, योग्यता प्रमाणपत्राची आणि विम्याची मुदत पाहता येते. १ जानेवारी २०१९ नंतर नोंदलेल्या प्रवासी गाड्यांत स्थानदर्शक यंत्र आणि आपत्कालीन बटण असणे बंधनकारक आहे. बसताक्षणी ते कोठे आहे हे पाहून ठेवावे. पट्टा मागच्या आसनावरही लावणे सक्तीचे आहे.

चालकाच्या लायसन्सबद्दल एक गैरसमज अजून टिकून आहे. हलक्या वाहनाचे लायसन्स असलेल्या चालकाला ७५०० किलोपर्यंतचे हलके भाडोत्री वाहन चालविण्यासाठी वेगळ्या नोंदीची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटले आणि ६ नोव्हेंबर २०२४ रोजी घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केले. तेव्हा लायसन्स पाहताना त्याची मुदत पाहावी, तेवढे पुरेसे आहे.

गाडी आपली, चालक भाड्याचा

ज्यांच्या दारात गाडी आहे त्यांना केवळ चालक तासांवर मिळू शकतो. या व्यवहारात किलोमीटरचा प्रश्न उरत नाही, फक्त वेळेचा उरतो. परंतु गाडीची जबाबदारी मालकाकडेच राहते. चालकाला काही इजा झाली तर काय, याचे उत्तर आपल्या विम्यात 'पगारी चालकाची कायदेशीर जबाबदारी' हे कलम आहे की नाही, यावर अवलंबून असते. त्याचा जादा हप्ता अल्प असतो. एका दिवसासाठी बोलावलेला चालक त्यात येतो का, हे विमा प्रतिनिधीला विचारून घ्यावे. लायसन्सचे छायाचित्र आधी मागवावे आणि निघण्यापूर्वी गाडीवरील जुने ओरखडे दोघांनी मिळून पाहून घ्यावेत; म्हणजे संध्याकाळी कोणावरही संशय येत नाही.

चालकाचाही दिवस

मोकळिकीची किंमत बहुधा चालक मोजतो. 'आणखी अर्धा तास', 'जाता जाता तेवढे एक ठिकाण' असे करीत बारा तासांचे चौदा होतात. सकाळी सातला आपल्या दारात उभा राहणारा चालक साडेपाच-सहालाच उठलेला असतो, आणि आपण घरी उतरल्यावर त्याला गाडी जागेवर लावून पुढे स्वतःच्या घरी जायचे असते. आपण लेणी पाहत असतो तेव्हा तो विश्रांती घेत असतो, हाही समज अपुराच. जोगेश्वरीसारख्या दाट वस्तीत गाडी उभी करायला जागा शोधणे हे चालविण्याइतकेच दमविणारे काम आहे.

१९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास काम, सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती आणि विश्रांतीसह एकूण बारा तासांची मर्यादा असे मोजमाप घालून दिले होते. हा कायदा पुढे २०२० च्या कामगार संहितेत सामावला गेला. एका-दोन गाड्यांच्या छोट्या व्यवसायाला त्या कायद्याचा बडगा लागू होत नसे, पण माणसाच्या थकव्याला गाड्यांची संख्या ठाऊक नसते. रात्री नऊनंतर घोडबंदर रस्त्यावर अवजड वाहनांच्या रांगेतून झोपाळलेल्या डोळ्यांनी गाडी हाकणारा चालक हा मागे बसलेल्या मुलाबाळांसाठीच धोका असतो. म्हणून सातला निघून सातच्या आसपास परतणे हे दोन्ही पक्षांच्या हिताचे. दुपारी चालकाला गाडीपासून दूर, निवांत जेवता येईल एवढा वेळ द्यावा आणि त्याच्या जेवणाचे पैसे वेगळे द्यायचे की भत्त्यात आले, हे सकाळीच स्पष्ट करावे.

आदल्या रात्रीचा निरोप

हे सारे फोनवर ठरले तरी एका छोट्या लेखी निरोपात उतरवून गाडीवाल्याकडून होकार मिळवावा. त्यात निघण्याची जागा व वेळ, तास व किलोमीटरची मर्यादा, मोजणी दारापासून की गॅरेजपासून, जादा तासाचा व किलोमीटरचा दर, दरात काय धरले आहे, गाडीचा व चालकाचा क्रमांक, आणि दोन्ही संभाव्य वाटांची नावे एवढे पुरे. दुसरी वाट आधीच लिहिलेली असली, की दुपारी कार्यक्रम बदलताना 'हे ठरले नव्हते' असे म्हणायला जागा उरत नाही.

सकाळी बसताना मीटरवरील आकड्याचे छायाचित्र घ्यावे, निरोप आणि गाडीचा क्रमांक घरी राहिलेल्या एखाद्या व्यक्तीला पाठवावा; अडचणीत ११२ हा क्रमांक आहेच. संध्याकाळी पुन्हा आकडा पाहून हिशेब तेथेच पूर्ण करावा आणि पावती घ्यावी. बक्षिसी ऐच्छिक असली तरी जादा तासांचे पैसे ऐच्छिक नाहीत. ते गाडीच्या मालकाकडे जमा होणार असतील, तर त्यातला चालकाचा वाटा त्याला मिळेल की नाही, हे त्यालाच विचारावे आणि मिळणार नसेल तर थोडे त्याच्या हातावर ठेवावेत.