चार बोटांचे अंतर

खरे आणि खोटे यांत अंतर किती? चार बोटांचे, असे आपली जुनी माणसे सांगत. कारण डोळा आणि कान यांच्यात तेवढेच अंतर. पाहिले ते खरे, ऐकले ते पारखून घ्यावे, एवढाच त्याचा अर्थ. मी मास्तर माणूस, इतिहासाचा पंडित नव्हे. पण वर्गात लोकशाही शिकवू लागलो, की मला राज्यघटनेच्या आधी ही चार बोटे आठवतात. लोकमतावर राज्य चालायचे, तर ते मत बनायला सवड हवी.

खोट्या बातमीचा जन्म काही मोबाइलच्या पोटी झालेला नाही. १९२४ सालचे इंग्लंड पाहा. मजूर पक्षाचे पहिले पंतप्रधान रॅम्से मॅक्डोनल्ड अधिकारावर होते. निवडणूक २९ ऑक्टोबरला. २५ तारखेला 'डेली मेल'ने एक पत्र छापले. मॉस्कोच्या झिनोव्हिएव्हने म्हणे ब्रिटिश कम्युनिस्टांना उठावाची चिथावणी दिली होती! मध्ये उरले चार दिवस. मजूर पक्षाच्या जागा १९१ वरून १५१ वर आल्या. पक्ष केवळ या पत्राने हरला, असे म्हणणे बरोबर नव्हे. त्याची मते उलट वाढली होती. पण ते पत्र जवळजवळ निश्चितपणे बनावट होते, असा निर्वाळा ब्रिटिश परराष्ट्र खात्याच्या इतिहासकार गिल बेनेट यांनी दिला तो १९९९ साली. खोटे चार दिवसांत घरोघर पोचले. सरकारी निर्वाळ्याला पंचाहत्तर वर्षे लागली.

तेथे निदान चार दिवस तरी होते. आपल्याकडे तेही उरले नाहीत. २०१८ साली मुले पळवणाऱ्या टोळीची आवई मोबाइलवरून देशभर उठली. एक चित्रफीत फिरत होती. मोटारसायकलवरचे दोघे मूल उचलून नेतात, एवढेच तीत दिसे. मुळात ती कराचीची, पालकांना सावध करण्यासाठी मुद्दाम बनवलेली. शेवटी ते मूल परत आणून सोडतात. तो शेवट कोणीतरी कापला, आणि उपदेशाचा पुरावा झाला.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून पोट भरणारे पाच जण तेथे आले. जमावाने त्यांना पोरे धरणारे ठरवले आणि ठार मारले. मारले कोठे, तर ग्रामपंचायतीच्या खोलीत! गावाने एकमेकांचे ऐकून घ्यावे म्हणून जी जागा बांधली, तेथेच पाच माणसे आपले म्हणणे पटवून देण्याआधी संपली. पुढे २०२४ साली धुळ्याच्या न्यायालयाने सात जणांना जन्मठेप दिली. साक्षी झाल्या, पुरावे तपासले गेले, आरोपींची बाजू ऐकली गेली. जी सवड जमावाने त्या पाचांना दिली नाही, ती कायद्याने जमावातल्यांना दिली.

त्याच जुलैत व्हॉट्सअ‍ॅपने भारतात बंधन घातले, की आलेला निरोप एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे धाडता येऊ नये. म्हणजे वेग कमी करणे, हाच यंत्राच्या मालकांनाही सुचलेला उपाय!

जमाव आणि मतदार ही काही निराळी माणसे नव्हेत. ऐकल्यावर क्षणभर थांबतो तो मतदार, आणि धावत सुटतो तो जमाव. या दिवाळीत शुभेच्छांबरोबर एखादा डोके भडकवणारा निरोपही घरात शिरेल. फराळाच्या ताटावर तो मोठ्याने वाचण्याआधी एवढेच विचारावे, "हे पाहिले कोणी?" समोर बसलेली मुले निरोप विसरतील, पण हा प्रश्न विसरणार नाहीत.